शेजारधर्मातून पसरलेली रक्ती आव : न्यू इंग्लंड, १७७५

अमेरिकेच्या वसाहतकाळातल्या साथी म्हटलं की लोकांना देवी आठवतात. थोडं जास्त वाचन असेल तर १७३५ साली न्यू हॅम्पशायरच्या किंग्स्टन गावात सुरू झालेला घटसर्प आठवतो. रक्ती आवेचं नाव सहसा निघत नाही. खेड्यापाड्यांत उन्हाळा सरता सरता घरंच्या घरं रिकामी करणाऱ्या रोगांत मात्र ती कुणाच्या मागे नव्हती. देवीचे व्रण आयुष्यभर चेहऱ्यावर राहतात, आवेतून उठलेला माणूस कुणाला ओळखू येत नाही. आणि अमका हगवणीने गेला, असं थडग्याच्या दगडावर कोण कोरणार?

ज्यांनी यावर लिहिलंय त्यांतले बरेच जण सगळा दोष एका वाक्यात विहिरीवर टाकून मोकळे होतात. संडास विहिरीजवळ, पाणी नासलं, माणसं मेली. दाटीवाटीच्या शहराला हे लागू पडेल. विखुरलेल्या शेतवस्तीला ते पुरत नाही. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या वसाहतींच्या, अनेक गावांत घरं एकमेकांपासून लांब, शेतांच्या अंतराने. प्रत्येकाची विहीर वेगळी, नाहीतर झरा वेगळा. एका घरची विहीर नासली तर ते घर आजारी पडेल. सबंध गाव काही आठवड्यांत कसं पडेल? माझं मत असं की आव गावात शिरली कशीही असो, घरोघरी गेली ती माणसांच्या हातांवरून. त्यातही जास्त करून रोग्याची सेवा करायला आलेल्या हातांवरून.

याचा सगळ्यात बोलका पुरावा एका घरातल्या पत्रांत आहे. बोस्टनच्या दक्षिणेला दहाएक मैलांवरचं ब्रेनट्री, १७७५ चा ऑगस्ट आणि सप्टेंबर. घर ॲबिगेल ॲडम्सचं. नवरा जॉन (पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला तो) अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसच्या बैठकीसाठी फिलाडेल्फियाला. त्याचा धाकटा भाऊ एलायहू मिलिशियात, म्हणजे गावकऱ्यांच्या फौजेत, कॅप्टन होता, तो ऑगस्टमध्येच छावणीतल्या आवेने गेला होता. ८ सप्टेंबरच्या पत्रात ॲबिगेल घरातला आजाराचा क्रम नवऱ्याला कळवते. आधी कामाला असलेला आयझॅक. जॉन निघाला तेव्हाच त्याला बरं नव्हतं, मग जोरात आव लागली आणि त्याच्या कण्हण्याने घरात कुणाला चैन पडेना. दोन दिवसांनी ॲबिगेल स्वतः. त्याच आठवड्यात घरात राहणारी सूझी, तिला तिच्या घरी नेऊन पोचवलं. मग ॲबिगेलचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा टॉमी. मग घरातच राहणारी पॅटी. शेजारच्या वेमथ गावाहून ॲबिगेलची आई, एलिझाबेथ क्विन्सी स्मिथ, आजारी लेकीला आणि नातवाला बघायला रोज येत होती. तिलाही लागण झाली आणि १ ऑक्टोबरला ती गेली. पाठोपाठ थोड्याच दिवसांत पॅटी.

या क्रमातल्या दोन गोष्टींकडे नीट बघा. सूझीला घरी पोचवलं, म्हणजे आजारही एका घरातून दुसऱ्या घरी पोचवला. आई मायेने रोज येत राहिली, आणि ॲबिगेलला हे कळतही होतं. या मायेपोटीच तिला रोग जडला, असं तिने नवऱ्याला लिहिलंय. कुणी म्हणेल, आईने लेकीकडचं पाणी प्यायलंच असेल. असेलही. पण एका विहिरीतून एकदम आलेला रोग घरातल्या सगळ्यांना दोन-तीन दिवसांच्या आत पाडतो. इथे माणसं एकामागून एक, साखळीसारखी पडत गेली. एकाच्या हातून दुसऱ्याला रोग लागतो तेव्हा तो असा दिसतो.

गावाची अवस्था वेगळी नव्हती. जॉन गेल्यापासून वेल्ड नावाच्या पाद्र्याच्या हद्दीत अठरा जणांना पुरलं, कितीतरी दिवस रोज दोन, तीन, चार अंत्ययात्रा निघत होत्या, असं ती त्याच सप्टेंबरात कळवते. रोग्यांजवळ बसायला धडधाकट माणूस मिळेनासा झाला होता.

आता जंतूकडे येऊ, कारण सगळा हिशेब तिथेच लागतो. आव दोन प्रकारची. एक अमिबाची, रेंगाळणारी, उष्ण प्रदेशात जास्त. दुसरी शिगेला नावाच्या जिवाणूची, झटक्यात येणारी. हा जिवाणू कियोशी शिगाने १८९७ मध्ये जपानमधल्या साथीत शोधला. न्यू इंग्लंडमध्ये प्रयोगशाळेतला पुरावा अर्थातच नाही. तरी उन्हाळ्याच्या अखेरीचा हंगाम, लागण झाल्यापासून दोन-तीन दिवसांत दिसणारा आजार, अंगात भडकलेला ताप, लहान मुलांचे मृत्यू आणि थंडी पडताच विझणारी साथ, हे सगळं शिगेलाकडे बोट दाखवतं.

शिगेलाचं वैशिष्ट्य म्हणजे त्याला लागणारी मात्रा. दहा ते शंभर जिवाणू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. पटकीला निरोगी जठरात लाखो-कोट्यवधी लागतात, कारण जठरातलं आम्ल त्यांतले बहुतेक मारून टाकतं. शिगेला त्या आम्लातून तरून जातो. म्हणून पटकीला पाण्यासारखं मोठं वाहन लागतं, आवेला नखाखालचा मळ पुरतो. दुसरं वैशिष्ट्य, या जिवाणूला जनावरात घर नाही, तो माणसातच राहतो. गोठ्यातल्या गाईवर किंवा डुकरावर दोष टाकता येत नाही. घरी कुणाला आव झाली तर ती दुसऱ्या माणसाकडून आलेली असते.

आतड्यात तो करतो काय, तर मोठ्या आतड्याच्या अस्तरात घुसून ते सोलून काढतो. म्हणून शौचाला पाणी कमी आणि रक्त, शेंबूड, पू जास्त. एका खेपेला चमचा-दोन चमचे पडतात, पण खेपा दिवसाला वीस-तीस. पोटात मुरडा, सारखं कुंथणं, पोट साफ झाल्यासारखं कधीच वाटत नाही. कुंथून कुंथून लहान मुलांचं आमण बाहेर येतं. सर्वांत घातक जातीचं विष मूत्रपिंडही निकामी करतं. उपचार न मिळालेल्या साथीत या जातीने शंभरातले पाच ते पंधरा रोगी दगावतात. ज्या गावात निम्मी वस्ती मुलांची, तिथे हा आकडा कुणाच्या वाट्याला येणार ते सांगायला नको. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या स्वतंत्र गोऱ्या पुरुषांपैकी जवळपास निम्मे सोळा वर्षांखालचे होते. ॲबिगेलनेच ऑक्टोबरमध्ये लिहिलंय की तीन, चार, पाच मुलं गमावलेले आईबाप आसपास आहेत, आणि काही कुटुंबांत तर कुणीच उरलेलं नाही.

विहिरीला अगदी निर्दोष सोडायचं असं माझं म्हणणं नाही. हाताने खणलेली, आतून दगड रचलेली, पण दगडांच्या फटी चुन्याने न बुजवलेली विहीर. वर लाकडी चौकट, दोराला बांधलेली एकच बादली, आणि ती बादली घरातला प्रत्येक हात धरतो. जमिनीवरचं पाणी वरच्या दोन-चार फुटांतल्या फटींतून सरळ आत झिरपतं. ऑगस्टमध्ये पाणी तळाला जातं, आणि मग एखादी सर आली की अंगणातली सगळी घाण धुऊन त्या थोड्याशा पाण्यात उतरते. अठराव्या शतकातल्या घरांभोवती उत्खनन करणाऱ्यांना केरकचरा दारामागेच चौफेर फेकलेला सापडतो. रात्रीचं भांडंही तसंच लांब न जाता रिकामं होत असणार. एका घराला बुडवायला एवढं पुष्कळ झालं. गावाला बुडवायला नाही.

जिथे खरोखर पाण्याने घात केला असं मानायला जागा आहे ती वसाहत म्हणजे व्हर्जिनियातलं जेम्सटाउन. १६०७ च्या मे महिन्यात तिथे १०४ माणसं उतरली. पुढच्या जानेवारीपर्यंत ३८ उरली. त्यांच्यातल्याच जॉर्ज पर्सीने मरणाच्या कारणांत अंगावरची सूज, हगवण आणि जळजळता ताप मांडलेत. पिण्याचं पाणी नदीचं, भरतीला खारट आणि ओहोटीला गाळाने भरलेलं. कार्व्हिल अर्ल या भूगोलतज्ज्ञाने १९७० च्या दशकाअखेर दाखवलं की उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावला की खारं पाणी वर चढतं आणि गोड्या पाण्याशी भेटतं त्या पट्ट्यात घाण अडकून राहते. किल्ला नेमका त्या पट्ट्यात. इथे सगळे एका कुडात, म्हणजे लाकडी तटबंदीत, एकाच पाण्यावर, म्हणून रोगही सगळ्यांना.

आणि गंमत बघा, उपाय तिथेच सुचला होता. १६१० आणि १६११ मध्ये गेट्स आणि डेल या तिथल्या अधिकाऱ्यांनी लागू केलेल्या कडक लष्करी कायद्यात स्पष्ट कलम आहे. जुन्या विहिरीपासून किंवा नव्या पंपापासून वीस फुटांच्या आत कुणी मळके कपडे धुवायचे नाहीत, भांडी विसळायची नाहीत, आणि कुडापासून पाव मैलाच्या आत शौचाला बसायचं नाही. रोग जंतूंमुळे होतो याचा पत्ता लागायला अडीचशे वर्षांहून जास्त काळ जायचा होता. वासावरून काढलेला निष्कर्ष, पण दिशा बरोबर. मात्र हे कलम बंदुकीच्या धाकावर चालणाऱ्या वस्तीतलं. शेतकऱ्याला त्याच्याच अंगणात असं कोण सांगणार?

पुन्हा न्यू इंग्लंडच्या त्या घरात जाऊ आणि आजाराचा एक दिवस हातांनी मोजू. रोगी बिछान्यात, बहुधा भावंडांसकट, कारण एका बिछान्यात तिघंचौघं झोपणं नेहमीचं. गादी पेंढ्याची किंवा पिसांची. पेंढा बदलता येतो, पिसांची गादी धुता येत नाही, वाळवायची आणि पुन्हा अंथरायची. दिवसाला वीस-तीस खेपा म्हणजे भांडं तितक्या वेळा उचलायचं, आणि भांड्यापर्यंत पोचलं नाही तर तितक्या वेळा फडकी. एकेकाकडे अंगात घालायचे सदरे दोन-तीन. पाणी विहिरीतून बादलीने ओढायचं, बादलीत दहाएक लिटर, आणि ते चुलीवर तापवायचं. साबण घरचा. लाकडाच्या राखेतून पाणी झिरपवून जी लाय निघते ती अंडं तरंगण्याइतकी तीव्र झाली की चरबीबरोबर शिजवून केलेला, मऊ, तपकिरी. तो वर्षातून एक-दोनदाच करायचा आणि पिंपात साठवायचा. कपडे धुण्यासाठी असायचा तो. भांडं उचलल्यावर लगेच हात साबणाने धुवावेत ही कल्पनाच नव्हती. ज्या बाईने भांडं उचललं तिनेच पुढच्या घटकेला पीठ मळलं, तान्ह्याला पाजलं, रोग्याच्या ओठाला वाटी लावून तीच स्वतःच्या तोंडाला लावली.

याच्या जोडीला रात्रीची जागरणं. गंभीर रोग्याजवळ रात्रभर बसायला शेजारपाजारच्या बायका आणि तरुण मुली पाळीने येत. हा शेजारधर्म होता, त्याला नकार देणं म्हणजे गावातून उठणं. पहाटे त्या आपापल्या घरी परतायच्या आणि सकाळच्या कामाला लागायच्या. मेल्यावर प्रेताला आंघोळ घालणं हेही शेजारणींचंच काम, आणि आवेच्या रोग्याचं प्रेत म्हणजे काय अवस्थेत असेल याचा अंदाज करा. मग दफनानंतर एकत्र खाणंपिणं. प्याला हातोहात फिरायचा. गावातला सर्वांत चांगुलपणाचा भाग रोगाला हव्या त्या वाटेने, हव्या त्या वेगाने नेत होता. डॉक्टर रोग्याकडे दिवसातून एकदा जायचा आणि नाडी बघायचा. जागरणाला आलेली शेजारीण सहा तास बसायची.

आणखी एक अडचण दिसत नाही म्हणून मोठी. आव बरी झाल्यावरही औषध न मिळालेल्या रोग्याच्या शौचातून एक ते चार आठवडे जिवाणू पडत राहतात. ज्याला ‘आता बरा आहे’ म्हणून स्वयंपाकघरात किंवा दूध काढायला पाठवलं, तोच पुढच्या घराचं निमित्त. हलकी आव झालेल्या मोठ्या माणसाला तर आपण आजारी होतो हेही ध्यानात राहत नसे.

माशांचं काय? हंगामाचं उत्तर त्यांच्याकडे आहे. घरमाशी ऐन उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण वाढायला सात ते दहा दिवस घेते. घोड्याच्या लिदीचा ढीग तिला सर्वांत मानवतो, आणि घोडा प्रत्येक शेतावर. जूनमध्ये थोड्या, ऑगस्टमध्ये असंख्य. उघड्यावरच्या शौचावर बसून ती खिडकीतून सरळ दुधाच्या भांड्यावर येते. दहा-शंभर जिवाणू नेणं तिच्या पायांना जड नाही. खिडकीला जाळी बसवायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्या काळच्या लोकांनी मात्र दोष कच्च्या फळांना आणि दिवसा ऊन, रात्री गारवा अशा हवेला दिला. फळं पिकायचा आणि माशा वाढायचा काळ एकच, त्यामुळे ही चूक समजण्यासारखी आहे. शब्दकोशामुळे प्रसिद्ध असलेल्या नोआ वेब्स्टरने गावोगावच्या डॉक्टरांकडून माहिती मागवून १७९९ मध्ये साथींचा दोन खंडांचा इतिहास छापला. त्यात साथींचा संबंध धूमकेतू, भूकंप आणि ज्वालामुखींशी जोडलाय. माहिती गोळा करायची चिकाटी अफाट, निष्कर्ष आभाळात.

१७७५ हेच वर्ष इतकं वाईट का? कारण ब्रिटिशांच्या ताब्यातल्या बोस्टनला वेढा घालून बसलेली वसाहतवाल्यांची छावणी. हजारो शेतकरी पहिल्यांदाच एका जागी, आपापल्या घरच्या सवयी घेऊन. तिथे आव पेटली. लोक सुट्टीवर, आजारपणात किंवा मुदत संपली म्हणून पायी एक-दोन दिवसांत घरी जायचे, आणि घरचे रोग्याला आणायला छावणीत यायचे. लागण आणि आजार यांच्यामधल्या दोन-तीन दिवसांत हे अंतर आरामात बसतं. असाच अनुभव तीस वर्षं आधी आला होता. १७४५ मध्ये न्यू इंग्लंडच्या शेतकरी शिपायांनी फ्रेंचांचा लुईबर्ग किल्ला घेतला, आणि नंतरच्या हिवाळ्यात त्याच किल्ल्यात आव आणि तापाने लढाईत पडले त्याच्या कितीतरी पट माणसं गमावली.

छावणीसाठी नियम होते, आणि चांगले होते. ब्रिटिश सैन्याचा डॉक्टर जॉन प्रिंगल १७५२ मध्येच सांगून गेला होता की शौचाचे खड्डे खोल खणा आणि वर माती टाकत राहा. वेढा घालणाऱ्या सैन्याचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याने १४ जुलै १७७५ च्या हुकमात शौचाचे खड्डे आठवड्यातून एकदा बुजवून नवे खणायला, रस्ते रोज झाडायला आणि छावणीजवळची सडकी आतडी-मढी ताबडतोब जाळायला सांगितलं. वॉशिंग्टनच्या सैन्याला कवायत शिकवणारा प्रशियन अधिकारी फोन स्टॉयबेन याच्या १७७९ च्या नियमात ही मुदत चार दिवसांवर आली, उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि खड्डे तंबूंच्या रांगेपासून तीनशे फुटांवर. चार दिवस हा आकडा अचूक आहे. माशीची अळी तेवढ्यात पूर्ण वाढत नाही, त्याआधीच माती पडते. त्यांना हे ठाऊक नव्हतं, तरी नियम बरोबर बसला. बिघडत होतं ते पालनात. रात्री तीनशे फूट चालत जाण्याइतका वेळ आवेच्या रोग्याला मिळतच नाही. तो तंबूमागेच बसतो. खड्डा कितीही चांगला असला तरी जो रोग पसरवतो तोच माणूस तिथपर्यंत पोचू शकत नाही, हे त्या नियमांत कुणी धरलं नव्हतं.

उपचारांकडे वळू. त्या काळचा सिद्धान्त असा की आतड्यात सडकं द्रव्य साचलंय, ते आधी बाहेर काढा, मग आतडं आवळा. म्हणून सुरुवातीला इपिकॅकच्या मुळीची पूड वीस-तीस ग्रेन (साधारण सव्वा ते दोन ग्रॅम) देऊन उलटी. मग रेवाचिनी किंवा कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं क्षार, देऊन जुलाब. ताप जास्त असेल तर रक्त काढायचं. रात्री अफू. पुढे सिंकोनाची साल आणि तुरट औषधं. ॲबिगेलनेही त्या सप्टेंबरात नवऱ्याकडे फिलाडेल्फियाहून मागवलं ते असं : एक औंस तुर्की रेवाचिनी, पाव पौंड जायफळ, एक औंस लवंग, दोन औंस दालचिनी. घरात सतत गरम व्हिनेगरने धुणंपुसणं चालू होतं. वास मारायला ते ठीक. त्यात खरं काम बहुधा गरम पाण्याने केलं असेल.

आधीच सोललेल्या आतड्याला जुलाब देणं म्हणजे जखमेवर खरारा. त्यातून मुलाच्या अंगातलं पाणी आणि मीठ आणखी जायचं. इपिकॅकची गोष्ट मजेशीर आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही मुळी १६८८ च्या सुमारास हेल्वेशियस नावाच्या डॉक्टरने फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला गुपित म्हणून विकली, आणि आवेवर रामबाण म्हणून तिचा डंका झाला. तिच्यातलं एमेटिन अमिबाला खरोखर मारतं. शिगेलाला ते काही करत नाही. उष्ण प्रदेशात कमावलेली कीर्ती न्यू इंग्लंडच्या वेगळ्या रोगावर खर्च झाली, आणि रोगी बरा झाला की श्रेय मुळीला. डोव्हरची पूड, म्हणजे दहा ग्रेनमध्ये एक ग्रेन अफू आणि एक ग्रेन इपिकॅक, घरोघरी होती. अफूने मुरडा थांबतो, झोप लागते, आणि माणूस म्हणतो उतार पडला. पण आतड्याची हालचाल थांबली की जिवाणू आणि त्याचं विष आतच मुरतं. शिगेलाच्या रोग्यांना अशी बंधक औषधं दिली तर ताप लांबतो, हे पुढे विसाव्या शतकात स्पष्ट झालं.

त्या मानाने ब्लॅकबेरीच्या मुळीचा किंवा पांढऱ्या ओकच्या सालीचा काढा निरुपद्रवी. दोन्हींत टॅनिन भरपूर, त्यामुळे थोडा तुरटपणा येतो, जिवाणूवर फारसा परिणाम नाही. तरी काढा म्हणजे उकळलेलं पाणी, वाटीवाटीने वारंवार पाजलेलं. तांदळाची पेज, जवाचं पाणी, पीठ घालून उकळलेलं दूध, हेही तसंच. घरातल्या म्हातारीच्या हाती पडलेल्या रोग्याचं नशीब डॉक्टरच्या हाती पडलेल्यापेक्षा बरं असण्याची शक्यता होती, असं मी म्हणेन.

फडताळात तेव्हाही मीठ आणि साखर होती. आज हगवणीत पाजतात ते पाणी त्यांचंच : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच हवा. साखरेबरोबर मीठ आतड्यातून शोषलं जातं हे समजायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. पण खरं सांगायचं तर एवढ्याने आवेतले सगळे वाचले नसते. पटकीत माणूस कोरडा पडून मरतो, तिथे हे पाणी जादू करतं. आवेत पाणी तितकं जात नाही. तिथे विष, ताप, रक्तातली उतरलेली साखर आणि उपासमार मारते, आणि वाचलेलं मूल आठवड्यांनी दुसऱ्याच रोगाने जातं कारण अंगावर मांस उरलेलं नसतं. म्हणून आवेनंतर किमान दोन आठवडे मुलाला रोज एक जेवण जादा द्यायचं, असा आजचा नियम आहे. त्या काळी आजारात खाणं तोडायचे.

साथ खरोखर थोपवली असती ती तीन साध्या गोष्टींनी. रोग्याजवळ एकच माणूस, आणि त्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. भांड्यात लगेच तितकंच चुन्याचं दाट, दुधासारखं पाणी ओतून तास-दोन तास ठेवायची, मग पुरायची. ते ताज्या विरवलेल्या चुन्याचंच हवं, हवेत पडून राहिलेला चुना निकामी. आणि फडकी धुण्याआधी उकळायची. चुना गिलाव्यासाठी मिळत होता, साबण पिंपात होता, भांडी चुलीवर होती. पण पहिली अट गावाच्या रीतीविरुद्ध जाते. शेजारणीला दारातून परत पाठवणं कुणाला जमलं असतं?

जुन्या चर्चच्या मृत्युनोंदी चाळणाऱ्यांसाठी थोडं. ‘फ्लक्स’, ‘ब्लडी फ्लक्स’, ‘कॅम्प डिस्टेंपर’ हे शब्द दिसतील, पण पुष्कळदा कारणाचा रकाना कोराच असतो. तेव्हा तारखा बघा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मृत्यू दाटलेत, वयं एक ते नऊ, एकाच आडनावाची दोन-तीन मुलं दहा-पंधरा दिवसांत, आणि ऑक्टोबरअखेर दहिवर गोठायला लागलं की नोंदी थांबतात, तर आवेचा संशय घ्यावा. मृत्यू शरद ऋतूत लांबत गेले असतील आणि तरुण माणसं जास्त असतील तर विषमज्वराकडे बघा. १८३२ च्या आधी अमेरिकेत ‘कॉलरा’ लिहिलेलं आढळलं तर ती आशियातली पटकी नव्हे, साधी उन्हाळी ओकारी-हगवण. मृत्यूंची राज्यपातळीवरची नोंद मॅसॅच्युसेट्सने १८४२ च्या कायद्याने सुरू केली, त्याआधी पाद्र्याच्या चिकाटीवर बरंचसं अवलंबून.

माशांचा वाटा नेमका किती, हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं ते अमेरिकेच्याच ग्रामीण भागात, पण फार उशिरा. १९४० च्या दशकात टेक्सासच्या हिडाल्गो काउंटीत जेम्स वॉट आणि डेल लिंडसे यांनी काही गावांत डीडीटी हे कीटकनाशक फवारून माशा कमी केल्या आणि बाकीची गावं तशीच ठेवली. फवारलेल्या गावांत शिगेलाची लागण घटली. मग त्यांनी गावांची अदलाबदल केली, फवारणी थांबलेल्या गावांत माशा परतल्या, आणि त्यांच्यामागून शिगेलाही.